कंपाउंडची भिंत नेमकी कुणाची? हद्द आणि जबाबदारी शोधायची कशी

भिंत धड उभी असते तोवर ती कुणाची हे कुणी विचारत नाही. पडली की दोन्ही घरं म्हणतात, "ती तुमची." आणि पाडून जागा वापरायची वेळ आली की दोन्ही घरं म्हणतात, "ती आमची."

या भांडणात तीन प्रश्नांचा गुंता असतो. जमिनीची हद्द कुठे आहे, भिंतीचा मालक कोण, आणि डागडुजी कुणी करायची. पहिल्याचं उत्तर सरकारी नकाशात असतं आणि दुसऱ्याचं बहुतेक वेळा खरेदीखतात. तिसऱ्याचं कधीकधी कुठेच लिहिलेलं नसतं, ते शेजाऱ्याशी ठरवून घ्यावं लागतं. महाराष्ट्रातल्या स्वतंत्र घराचं किंवा बंगल्याचं हे शोधायचं असेल तर क्रम असा ठेवा.

१. आधी आपला कागद कोणता ते बघा

शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नसेल तर सातबारा. दोन्ही उतारे डिजिटल सहीसह ऑनलाइन मिळतात. गावठाणातल्या पुष्कळ घरांकडे वर्षानुवर्षं दोन्ही नव्हते. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अशा घरांच्या मिळकत पत्रिका तयार होत आहेत. तुमच्या गावचं काम झालंय का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 मात्र या कामाचे नाहीत. ते कर आकारणीचे कागद आहेत, त्यावरून मालकी ठरत नाही आणि हद्द तर नाहीच. तरी भांडणात सगळ्यात आधी तेच फडकवले जातात.

गुंठेवारीत (मोठ्या जमिनीचे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे तुकडे) जागा घेतली असेल तर इथेच थांबून नीट बघा. सातबाऱ्यावर दहा-वीस नावं सामाईक असतील आणि पोटहिस्सा (नकाशात वेगळा दाखवलेला तुकडा) पडलेला नसेल, तर तुमच्या दोन गुंठ्यांना सरकारी नकाशात वेगळी हद्दच नाही. मोजणी मागितली तरी मोजणाऱ्याला पूर्ण गटाची हद्द दाखवता येईल, तुमच्या तुकड्याची नाही. अशा वेळी आधी पोटहिस्सा किंवा नियमितीकरण, मग भिंतीचा वाद.

२. खरेदीखतातली चतुःसीमा शब्दन् शब्द वाचा

खत सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढता येते. सूची क्रमांक 2 वर भागवू नका, तो गोषवारा असतो. पूर्ण खतात चारी दिशांना काय आहे हे लिहिलेलं असतं आणि भिंतीचा निकाल बहुधा तिथेच लागतो. "दक्षिणेस सदर मिळकतीची स्वतःची भिंत व पलीकडे बोळ" असं असेल तर भिंत तुमची, पडली तर खर्चही तुमचा. "पूर्वेस सामाईक भिंत" असेल तर दोघांची; एकट्याने पाडता येत नाही, एकट्याने त्यावर मजला चढवता येत नाही. जुन्या खतांत पागोळ्यांच्या जागेचाही उल्लेख असतो. छपराचं पाणी जिथे पडतं ती हातभर पट्टी घरवाल्याची आहे की वहिवाटीपुरती, हे त्या एका ओळीवर ठरतं. शेजाऱ्याच्या खतातही हीच ओळ बघा. दोन खतं जुळत नसतील तर जुनं कोणतं आणि दोन्ही मिळकती कधीकाळी एकाच मालकाच्या होत्या का, याचा माग काढा.

आकडे ताडताना एक चूक हमखास होते. खत चौरस फुटांत, पत्रिका चौरस मीटरमध्ये. 1500 चौरस फूट म्हणजे 139.35 चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. आधी हा हिशोब करा. 'शेजाऱ्याने फूटभर खाल्लं' असं वाटणारी काही प्रकरणं इथेच मिटतात.

३. भिंतीकडेही बघा

हा पुरावा दुय्यम, पण खतात काहीच नसेल तर उपयोगी. वाड्याच्या भिंतीत दोन्ही घरांच्या तुळया टेकलेल्या असतील तर ती सामाईक असण्याची शक्यता मोठी. कोनाडे फक्त एका बाजूने असतील तर पारडं त्या घराकडे झुकतं. बंगल्याच्या कंपाउंडला कॉलम सहसा बांधणाऱ्याच्या आतल्या अंगाला बाहेर आलेले दिसतात. सिटी सर्व्हेच्या वेळची चौकशी नोंदवही भूमी अभिलेख कार्यालयात असते, तिचा उतारा मागा. त्या वेळी दोन्ही घरांनी काय सांगितलं होतं ते त्यात सापडू शकतं. "ज्याने बांधली त्याची" हे सरसकट खरं नाही. तुमच्या जागेत शेजाऱ्याने भिंत बांधली म्हणून जमीन त्याची होत नाही. मात्र 12 वर्षांहून जास्त काळ तो उघडपणे, तुमचा हक्क नाकारून ती जागा वापरत असेल, तर मुदतीच्या कायद्याने तुमचा दावा अडू शकतो. तेव्हा 'बघू पुढे' म्हणून सोडू नका.

४. हद्द कायम मोजणी

कागदावरून मिटलं नाही तर तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा; ई-मोजणीवर ऑनलाइन करता येतो. प्रकार 'हद्द कायम' निवडा. फी क्षेत्र, शहर की गाव आणि मोजणी नियमित हवी की द्रुतगती, यावर ठरते. अर्जात लगतच्या सगळ्या धारकांची नावं आणि पत्ते अचूक द्या. एकाला जरी नोटीस मिळाली नाही, तरी तो पुढे याच मुद्द्यावर मोजणी अमान्य करतो.

मोजणीच्या दिवशी घरी थांबा, शेजाऱ्यालाही बोलवा. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने जागा टिपणारं यंत्र) घेऊन आधी आजूबाजूच्या जुन्या, पक्क्या खुणा टिपतो. थेट तुमच्या भिंतीपासून सुरुवात करत नाही म्हणून वैतागू नका. मूळ नकाशा जागेवर बसवायला त्या खुणाच लागतात. मग हद्दीच्या कोपऱ्यांवर निशाण्या करून देतो. त्या चुन्याच्या किंवा रंगाच्या असतात आणि एका पावसात जातात. त्याच दिवशी दोघांसमोर दगड किंवा सिमेंटचे खांब रोवा, फोटो काढा. पुढे हातात पडणारी 'क' प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा. ताबा कुठवर आणि अभिलेखातली हद्द कुठवर, हे त्यात वेगवेगळं दाखवलेलं असतं.

मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते; त्यावर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. मात्र भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. अतिक्रमण काढायला आणि ताबा मिळवायला दिवाणी न्यायालयच. पोलिसांत गेलात तर 'दिवाणी बाब आहे' हेच ऐकायला मिळेल.

हद्दीच्या निशाण्या टिकवणं मात्र ऐच्छिक नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार त्या सुस्थितीत ठेवायची जबाबदारी जमीनधारकाची आहे, आणि मुद्दाम उखडणाऱ्याला दंड आहे.

५. रस्त्याकडची बाजू आणि सोसायटी

पुढच्या बाजूला शेजारी म्हणजे नगरपालिका. तिथे नवी भिंत घालण्याआधी रस्ता रुंदीकरणाची रेषा बघून घ्या. बृहन्मुंबई सोडून बहुतेक शहरांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत वॉल कंपाउंडची उंची रस्त्याच्या मध्यापासून 1.5 मीटर धरली आहे; वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा ठेवला तर 2.4 मीटरपर्यंत जाता येतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर कंपाउंडची भिंत सोसायटीची, आणि आदर्श उपविधीप्रमाणे तिची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. तळमजल्यावाल्याने ती 'माझ्या अंगणाची' म्हणून फोडायची नाही. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरण (त्यांच्या सहीशिवायही जमीन सोसायटीच्या नावावर करण्याची कायदेशीर सोय) करून घ्या, नाहीतर हद्दीच्या वादात सोसायटीची बाजू लंगडी पडते. 29 जून 2019 ला पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जणांचा जीव गेला. भिंत फुगलेली किंवा कललेली दिसली तर मालकी ठरेपर्यंत थांबू नका. शेजाऱ्याला आणि पालिकेला लेखी कळवा, पोच घ्या, खालची जागा रिकामी करा.

६. ठरलं ते लिहून ठेवा

शेजाऱ्याशी जमलं तर सामाईक भिंतीचा करार करा. भिंत कुठून कुठवर, जाडी किती, खर्चाची वाटणी कशी, गिलावा कुणी करायचा, नळ किंवा तारांचं कुंपण लावायला कुणाची संमती लागेल, एवढं त्यात यावं. 'क' प्रतीची नक्कल जोडून दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. मुद्रांक किती आणि नोंदणी लागेल का, हे वकिलाला विचारा. जमिनीची थोडीही देवघेव होत असेल तर साध्या स्टॅम्पवर भागत नाही. पुढे दोघांपैकी कुणी घर विकलं, तर नव्या मालकावर हा करार आपोआप बंधनकारक होईलच असं नाही, तेव्हा नव्या खरेदीखतात त्याचा उल्लेख करून घ्या.