‘सुपरनॅचरल’मधील बाप-लेक कसे पाहावेत

2005 साली सुरू झालेल्या ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकन मालिकेतील बाप जॉन आणि धाकटा मुलगा सॅम विंचेस्टर यांचे भांडण समजून घ्यायचे असेल, तर भुताखेतांकडे थोडे दुर्लक्ष करून, पहिल्या पर्वात बाप हुकूम कसे सोडतो आणि धाकटा ‘का?’ असे कधी विचारतो, एवढेच वहीत टिपावे. थोरल्या डीनचे निमूट ‘येस सर’ मात्र नजरेआड करू नये. माझ्या मते खरी जखम तिथेच आहे. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात डीनला वाचवण्यासाठी प्राण देणारा जॉन त्याच्या कानात काही पुटपुटतो, तेव्हा डीनचा चेहरा पाहावा. रामबागेतल्या, म्हणजे इंदूरच्या, आमच्या घरी पोह्यांवर शेव घालणारा बाबांचा हात त्या क्षणी थांबला होता. अशा वेळी लगेच काही विचारू नये.