जुनी लष्करी जीप घेताय? आधी खाली वाका

आमचं बालपण देवळाली कॅम्पात गेलं. तोफखान्याच्या गाड्या रोज दारावरून जायच्या, त्यामुळे हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. पन्नाशीत निफाडकडच्या एका द्राक्षबागेत माझी जीप सापडली. मागे फवारणीची टाकी, पेट्रोल इंजिन काढून बसवलेलं डिझेल. मालक म्हणाला, "दुसऱ्या महायुद्धातली आहे, भाऊ." सगळेच म्हणतात.

म्हणून आधी खाली वाका. महायुद्धातली जीप दोन नावांची. रेडिएटरखाली चासीच्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा गोल नळीचा असेल तर विलीज एमबी, चौकोनी असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. रेडिएटरपुढच्या जाळीला नऊ फटी हव्यात. सात असतील तर ती नंतरची सिव्हिल जीप. पण जाळी काय, कोणीही बदलतं. उंच बॉनेटची म्हणजे महिंद्राची सीजे-थ्रीबी. ती वाईट नाही, सुटे भागही सहज मिळतात, फक्त तिला महायुद्धाचा भाव देऊ नका. जोंगा, म्हणजे आपल्या लष्कराची जबलपूरच्या कारखान्यातली मोठी जीप, घ्यायची असेल तर तिच्या सहा सिलिंडरच्या जवळपास 4 लिटरच्या इंजिनाला पेट्रोल पाजायची ऐपत आहे का, ते घरी विचारून या.

खिशात चुंबक ठेवा. पत्र्यावर जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे, आणि लांबीखाली गंज.

मग कागद. लष्कराचा बाणवाला नंबर आपल्याला चालत नाही. लिलावातली गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. माझ्या आरसीवर 'पेट्रोल' होतं आणि बॉनेटखाली डिझेल. तो घोळ निस्तरायला पाच महिने गेले. मी आरसी वाचलीच नव्हती, दुसऱ्या कोणाला काय बोलणार? पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए'. पण मग ती रॅली-प्रदर्शनापुरतीच, रोज भाजी आणायला नाही.

आता खोलायला घ्या. पहिल्याच दिवशी मी आणि भाच्याने डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला. हलेना. रॉकेल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी पान्याला चार फुटी पाइप घालून दोघं लटकलो. कडाड! नट बसतो तो स्टडच तुटला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्याला समोरच्या गॅरेजातला म्हातारा फिटर चहाचा कप घेऊन आला आणि म्हणाला, "पोरांनो, आवळताय कशाला?" या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. उजव्या बाजूला नेहमीचे.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती काढून आत रॉकेल आणि मूठभर जुने नट टाकून खळखळ हलवा, गंजाचा चहासारखा काढा निघतो. रिकामी वाटली तरी तिला वेल्डिंग लावू नका, आत वाफ असते. ब्रेकचे रबर आणि नळ्या न बघता सगळ्या नव्या टाका, तिथे काटकसर नको.

शेवटी रंग. पेंटर म्हणाला, "मिलिटरी हिरवा ना?" नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. मी मातकट खाकी दिला. कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार अजून जीपभोवती फेरी मारून म्हणतात, "सगळं बरोबर आहे, रंग तेवढा चुकलाय."