हेडफोनचं सॉकेट नसलेल्या ॲम्प्लिफायरला हेडफोन कसा जोडावा

‘स्पीकरच्या तारा काढा, तिथेच हेडफोन जोडा, आवाज कमी ठेवला की काही होत नाही.’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आधी तोच खोडून काढतो. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात सुमारे २० व्होल्ट देतो. ३२ ओहमचे बहुतेक हेडफोन एका व्होल्टलाच कान दुखतील इतके मोठ्याने वाजतात. नॉबला नुसता धक्का लागला तरी हेडफोनची कॉइल जळू शकते, आणि तो त्या वेळी कानावर असेल तर नुकसान हेडफोनपुरतं राहत नाही.

पहिलं काम म्हणजे ॲम्प्लिफायरची पाठ पाहणं. तिथे ‘टेप आउट’, ‘रेक आउट’ किंवा ‘प्री-आउट’ लिहिलेली आरसीए सॉकेटं (बाहेर धातूची कडी असलेली गोल सॉकेटं) असतील, तर एक छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर घ्या, आरसीए केबलने तिथे जोडा आणि ऐकायला बसा. मला विचाराल तर हाच सगळ्यांत चांगला मार्ग आहे. टेप आउटवर मुख्य ॲम्प्लिफायरचा आवाजाचा आणि बास-ट्रेबलचा नॉब चालत नाही. त्यामुळे मुख्य नॉब शून्यावर ठेवून स्पीकर गप्प करायचे आणि आवाज हेडफोन ॲम्प्लिफायरवरून कमी-जास्त करायचा. प्री-आउटवर मात्र मुख्य नॉब चालतो. दोन आरसीए प्लगची वायर घेऊन हेडफोन थेट टेप आउटला लावू नका. ते सॉकेट हजारो ओहमच्या इनपुटसाठी असतं, ३२ ओहमचा भार त्याला ओढवत नाही. क्षीण, बास नसलेला आवाज येतो आणि लोक उगाच हेडफोनला दोष देतात.

अशी सॉकेटं नसतील, किंवा वेगळा हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल, तर स्पीकर टर्मिनलवरून जावं लागतं. मधे रेझिस्टर (विजेचा प्रवाह अडवणारे छोटे भाग) घातले की हे सुरक्षित होतं. पण रेझिस्टरला हात लावण्याआधी एक तपासणी करावीच लागते, आणि नेमकी तीच बहुतेक मार्गदर्शनांत नसते.

हेडफोनच्या नेहमीच्या प्लगला तीन संपर्क असतात. टोकाला डावा चॅनल, मधल्या कड्याला उजवा, आणि मागच्या नळीला दोन्हींची सामाईक परतीची तार. म्हणजे प्लग जोडला की ॲम्प्लिफायरची डावी-उजवी काळी टर्मिनलं एकमेकांना जोडली जातात. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही काळी टर्मिनलं आतून ग्राउंडलाच, म्हणजे सामाईक शून्य बिंदूलाच, असतात, तिथे काही बिघडत नाही. पण ब्रिज पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये काळं टर्मिनल ग्राउंड नसतंच. लाल टर्मिनलसारखंच तेही एका वेगळ्या आउटपुटने चालवलेलं असतं. अशी दोन टर्मिनलं एकत्र केलीत तर दोन आउटपुट थेट एकमेकांवर शॉर्ट होतात. आवाज कितीही कमी ठेवला तरी यातून सुटका नाही आणि रेझिस्टरही वाचवत नाहीत, कारण ते लाल बाजूला असतात. माझा एक चांगला ॲम्प्लिफायर असाच गेला. रेझिस्टरचा हिशेब मी तीनदा तपासला होता, काळ्या टर्मिनलांकडे मात्र पाहिलंही नव्हतं. छोटे क्लास-डी ॲम्प्लिफायर बरेचदा ब्रिज पद्धतीचेच असतात, तेव्हा तिथे विशेष जपा.

तपासणी अशी करा. ॲम्प्लिफायर बंद करा, भिंतीतला प्लग काढा, स्पीकर आणि बाकीच्या केबल सोडवा, पाच मिनिटं थांबा. मल्टिमीटर सर्वांत कमी ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरचा स्वतःचा रोध बघून घ्या. मग डावं काळं आणि उजवं काळं टर्मिनल यांच्यातला रोध मोजा. त्यानंतर प्रत्येक काळं टर्मिनल आणि आरसीए सॉकेटची बाहेरची कडी यांच्यातला मोजा. तिन्ही वेळा प्रोब टेकवल्यावर दिसला होता जवळपास तोच आकडा यायला हवा. एखाद्याही ठिकाणी आकडा एक ओहमच्या वर गेला तर थांबा, या ॲम्प्लिफायरला हा मार्ग नाही. काही जण ॲम्प्लिफायर चालू ठेवून काळ्या टर्मिनलवर फक्त डीसी व्होल्टेज बघायला सांगतात. तेवढ्यावर विसंबू नका. अधिक-उणे असा दुहेरी पुरवठा असलेल्या ब्रिज ॲम्प्लिफायरमध्ये तिथे शून्यच दिसतं.

तपासणी पार पडली की बाकीचं सोपं आहे. प्रत्येक चॅनलला लाल टर्मिनलपासून १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर घ्या. त्याच्या दुसऱ्या टोकापासून काळ्या टर्मिनलपर्यंत १० ओहम, २ वॅटचा लावा. दोन्ही रेझिस्टर जिथे मिळतात तिथून हेडफोन सॉकेटच्या त्या चॅनलला तार न्या, आणि दोन्ही काळी टर्मिनलं सॉकेटच्या सामाईक टोकाला जोडा. सगळं हवा खेळेल अशा डबीत बसवा, १०० ओहमचे रेझिस्टर तापतात. हे माप १०० वॅटपर्यंतच्या ॲम्प्लिफायरला पुरतं. ३२ ओहमच्या हेडफोनला यातून मूळ व्होल्टेजचा चौदावा हिस्सा मिळतो, म्हणजे २० व्होल्टचे सुमारे १.४. पूर्ण जोरात तेवढाही कानाला फार आहे, तेव्हा नॉब जपूनच फिरवा.

१० ओहमचा रेझिस्टर वगळून फक्त ३३० ओहम मालिकेत घालायला सांगणारे बरेच भेटतील. आवाज येतो, नाही असं नाही. पण अनेक हेडफोनचा इंपीडन्स, म्हणजे आवाजाच्या सिग्नलला होणारा रोध, बासच्या भागात वाढतो, आणि मालिकेतला रोध मोठा असला की नेमका तोच भाग फुगून ऐकू येतो. १० ओहममुळे हेडफोनला समोर जेमतेम ९ ओहम दिसतात आणि आवाज जागेवर राहतो. शिवाय ॲम्प्लिफायरची खरखरही आवाजाबरोबरच खाली येते. दोन रुपड्यांच्या रेझिस्टरसाठी हे सोडू नका.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर असेल तर स्पीकर काढून त्याला नुसत्या या डबीवर कधीही चालवू नका. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला योग्य भार लागतोच. ८ ओहमच्या टर्मिनलवर ॲम्प्लिफायरच्या वॅटेजपेक्षा मोठा ८ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडा.

‘स्पीकर बी’ची, म्हणजे स्पीकरच्या दुसऱ्या जोडीची, टर्मिनलं असतील तर डबी तिथे कायमची राहू द्या, स्पीकर ‘ए’वर. पहिल्यांदा चालू करताना जुना, गेला तरी चालेल असा हेडफोन लावा. नॉब शून्यावर, हेडफोन टेबलावर, मग हळूहळू वाढवा. दोन्ही बाजू नीट वाजल्या की ॲम्प्लिफायर बंद करून चांगला हेडफोन लावा. प्लग आत-बाहेर करताना त्याचे संपर्क क्षणभर एकमेकांना टेकतात, म्हणून तेव्हा नॉब दर वेळी शून्यावर हवा.