सील नवं, तरी तेल गळतंय? शाफ्टला नख लावून बघा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये लेथच्या गिअरबॉक्सला लागोपाठ तीन ऑईल सील (फिरत्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, तेल अडवणारी रबरी कडेची रिंग) बदलले, तरी आठवड्यात खालच्या ट्रेमध्ये तेल. शेवटी सील काढून शाफ्ट कोरडा पुसला आणि लांबीच्या दिशेनं नख फिरवलं. सीलची कड टेकते नेमकं तिथं अडकलं. तेलातली बारीक घाण रबराच्या कडेत रुतते आणि तीच पोलादात खाच पाडते. अशा खाचेवर कितीही भारी सील घाला, टिकत नाही.

खाच उथळ असेल तर सील दोन-तीन मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे कड कोऱ्या जागेवर येते. तेल परतीचं भोक तेवढं झाकू नका. नख ठळक अडकलं तर शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं कवच, चढवा. जाडी जेमतेम पाव मिमी, त्यामुळं जुन्याच मापाचं सील चालतं. खाच वेल्डिंगनं भरून लेथवर टर्निंग केलंत तर शेवट ग्राइंडिंगनंच करा, चाक बाजूला न सरकवता सरळ आत घेऊन. टूलची फिरती रेघ राहिली, तर ती स्क्रूच्या आट्यासारखं तेल बाहेर ओढते. एमरी पेपरही (घासायचा कागद) लांबीत घासू नका.

आणि हो, हे सगळं करण्याआधी ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं तोंड, तुंबलाय का बघा. आत दाब साठला की चांगलं सीलही गळतं.