दीड-दोन वर्षांचं पोर घरात आहे? मग या चुका टाळा

“हल्ली फार हट्टी झालीय.” मूल दीड वर्षाचं झालं की घरोघरी हे वाक्य सुरू होतं आणि पुढे दोन वर्षं तरी थांबत नाही. पाठोपाठ निदानं येतात. आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारच्या काकू म्हणतात दाढा येतायत, ऑफिसातले मित्र म्हणतात तुम्हीच लाडावून ठेवलंय. माझं मत जरा वेगळं आहे. या वयातली बहुतेक रडारड तीन ठिकाणांहून येते: अपुरी झोप, अवेळी भूक, आणि मोठ्यांनी एकमेकांना न विचारता दिलेली परवानगी. स्वभाव सुधारायला पुढे अख्खं आयुष्य पडलंय. आधी ही तीन ठिकाणं तपासा.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. बायको आणि मी दोघंही नोकरीला, घरात माझे आई-अण्णा, आणि लेक सव्वादोन वर्षांची. खाली लिहिलंय ते आमच्या आणि आजूबाजूच्या घरांत रोज दिसणारं आहे.

ताट घेऊन मागे धावणं

पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोच्या आसपास असतं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरणारच. घरातल्यांचा हिशोब मात्र जुनाच राहतो. “आधी वाटीभर खिमट संपवायची, आता चार घासांत तोंड फिरवते” ही तक्रार तिथून येते.

मग धावाधाव. हॉल, बाल्कनी, जिना, शेवटी खाली पार्किंग. काऊचा घास, चिऊचा घास, त्यानेही भागलं नाही की मोबाइल. मोबाइल लावला की तोंड उघडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेव्हा मूल जेवत नसतं, फक्त गिळत असतं. पोट भरलं की थांबायचं, ही जी समज या वयात यायला हवी ती येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय ते असं: वर्षभराच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. तीन जेवणं मोबाइलवर झाली की हा तास तिथेच संपतो.

मूल खात नसेल तर आधी दूध मोजा. सकाळी पेलाभर, दुपारी बाटली, रात्री बाटली, आणि “जेवली नाही ना, मग निदान दूध तरी” म्हणून आणखी एक. दिवसाला चार-पाचशे मिलीच्या वर दूध गेलं की पोट त्यानेच भरतं. दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे गुटगुटीत दिसणाऱ्या मुलाचंही हिमोग्लोबिन कमी निघू शकतं. त्यानंतर मधलं खाणं बघा. अण्णांच्या खिशातलं बिस्किट, शेजारच्यांचा राजगिऱ्याचा लाडू, कामवाल्या मावशींनी कौतुकाने दिलेला अर्धा चिक्कीचा तुकडा. एकेक करून सगळं चिमूटभर, पण मिळून एक जेवण.

आमच्याकडे चालतं ते असं: जेवणं आणि मधली खाणी यांच्या वेळा ठरलेल्या, मध्ये फक्त पाणी. सगळ्यांबरोबर जमिनीवर बसायचं, तिच्या ताटात आमच्यातलंच थोडं. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, ना भाषण, ना विनवणी. किती खाल्लं ते आम्ही घासांवर मोजत नाही. लसीकरणाच्या कार्डावर वजनाचा तक्ता असतो, त्यात रेघ वर चढतेय ना, एवढं पाहतो. रेघ आडवी झाली किंवा उतरली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

आणि कधीकधी प्रश्न भुकेचा नसतोच. परवाच आईने नेहमीसारखी भाकरी मोडून लेकीच्या ताटात ठेवली. तिला अख्खी हवी होती. तिने दोन तुकडे उचलले, कडेला कडा लावून दाबले, सोडले, पुन्हा दाबले. चिकटत नाहीत म्हटल्यावर ताट ढकललं आणि भोकाड पसरलं. आई म्हणाली, “बघ, जेवायचंच नाहीये हिला.” जेवायचं होतं. भाकरी मोडायचं काम तिचं तिला करायचं होतं. दुसरी छोटी भाकरी अख्खी ठेवली, तर तिने स्वतः तिचे बारा तुकडे केले आणि निम्मे खाल्लेही.

द्राक्षांचा हंगाम आणि चिवड्यातले शेंगदाणे

हे नाशिककरांनी जरा लक्ष देऊन वाचावं. जानेवारी ते एप्रिल घरात द्राक्षं असतातच. मळ्यातून कुणीतरी पेटी आणून देतं, आणि टीव्हीसमोर बसलेल्या मुलाच्या हातात घडच दिला जातो. बी नाही म्हणजे धोका नाही, असा एक समज आहे. धोका बीचा नसतो. द्राक्ष गोल, गुळगुळीत, दाबलं की आकार बदलणारं, आणि छोट्या मुलाच्या श्वासनलिकेत घट्ट बसेल एवढंच. पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरून त्याच्या चार फाका कराव्यात. आडवं कापून दोन गोल चकत्या केल्या तर काम अर्धवटच होतं. चेरी टोमॅटोलाही हाच नियम.

शेंगदाण्याचं त्याहून वाईट. चिवडा, फुटाणे, सप्तशृंगी गडावरून आलेला प्रसाद, भेळ, सगळीकडे अख्खा दाणा. या मुलांना पुढचे दात असतात, पण दाढा पुरत्या आलेल्या नसतात, त्यामुळे दाणा फुटतो आणि चावला जात नाही. हसता-हसता तो आत ओढला गेला तर कधी फक्त खोकला येतो, तो आठवडाभर सर्दीचा समजला जातो, आणि शेवटी दुर्बिणीने दाणा काढावा लागतो. दाण्याचं कूट घाला, लाडू करा, पीनट बटर पातळसर लावा, पण अख्खा दाणा चार-पाच वर्षांपर्यंत नको. धावताना, झोक्यावर, गाडीत काहीच खायला देऊ नका.

घशात अडकलंच तर: मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाणी पाजू नका. आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर वर्षावरच्या मुलाला मागून धरून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच झटके. हेच आलटून पालटून करत राहायचं आणि दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. दिसत नसताना घशात बोट घालणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण वस्तू आणखी खाली जाते. आजी-आजोबांनाही हे एकदा करून दाखवा, कारण दुपारी घरात तेच असतात.

पावणेसहाची डुलकी

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दुपारची झोप यात धरलेली आहे. नाशिकरोडहून येताना द्वारका चौकातल्या कोंडीत गाडी अडकते, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले, आणि पोर पावणेसहाला गाडीत डोळे मिटतं. सगळे खूश: “झोपली बाई एकदाची.” मग रात्री साडेअकराला ती सोफ्यावरून उड्या मारते आणि आपण म्हणतो, हिला झोपच नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. दुपारची झोप चारच्या आत आटोपायची. संध्याकाळचा प्रवास असेल तर गाडीत कुणीतरी शेजारी बसून गाणी म्हणायची, खिडकीतून ट्रक मोजायचे. झोपलीच तर पंधरा मिनिटांत उठवायचं आणि तेवढी रडारड सोसायची. सकाळी उठायची वेळ मात्र हलवायची नाही.

रविवारी मळ्यातल्या मिसळीला जायचं असेल तेव्हाही घड्याळच बघा. साडेदहाला पोचायचं, नंबर लागेपर्यंत साडेअकरा, आणि तिची झोपेची वेळ बाराची. मग ती रश्श्याच्या वाटीत हात घालते आणि चारचौघांत आपली शोभा होते. साडेआठला जा, तिच्यासाठी डब्यात दहीभात न्या. निघायच्या आधी “अजून पाच मिनिटं” म्हणू नका, पाच मिनिटं तिला कळत नाहीत. “तीन वेळा घसरगुंडी, मग गाडी” हे कळतं.

नसता प्रश्न विचारणं

“जेवायचं का? आंघोळ करायची का? चप्पल घालू या का?” दोन वर्षांच्या मुलाला असं विचारलं की उत्तर “नाही” हेच. आणि आंघोळ तर आपण घालणारच असतो, मग विचारता कशाला? त्यापेक्षा दोन पर्याय द्यावेत, दोन्ही आपल्याला चालणारे: लाल टॉवेल की पिवळा?

मेनरोडला दुकानात लोळण घेतली तर त्या क्षणी समजावण्यात अर्थ नाही, शब्द पोचतच नाहीत. उचलून बाजूला घ्यावं, जवळ बसावं, कमी बोलावं, ओसरू द्यावं. मागितलेली वस्तू लोळण घेतल्यावर देऊ नये. द्यायचीच असेल तर पहिल्या मागणीला द्यावी. घरात आई “नाही” म्हणते आणि आजोबा तीन मिनिटांनी “घे गं” म्हणतात, तिथे लेकरू अगदी तर्कशुद्ध वागतं. रडलं की निकाल बदलतो, हे ते शिकलेलं असतं.

बागुलबुवा, डॉक्टरची सुई, “पोलिसकाका घेऊन जातील” हे आता सोडाच. २०२७ ला गोदाघाटावर कुंभाची गर्दी असेल. गर्दीत हात सुटला तर मुलाने ज्याच्याकडे जायला हवं, तो खाकीतला माणूसच. त्यालाच घाबरायला शिकवून ठेवू नका. गर्दीत जाताना तिच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी, गळ्यात सोन्याची साखळी घालू नये.

स्कूटरवर पुढे उभं करणं

कॉलेज रोडला रोज दिसतं. पोर पुढे उभं, हात आरशाला धरलेले, मध्येच पेंगतंय. केंद्राने २०२२ मध्ये केलेला नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे: चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा सेफ्टी हार्नेस, मापाचं हेल्मेट, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही हेच.

बाटली न वाचता औषध

तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब येतात त्यात १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा २५०. घरात दोन्ही बाटल्या असल्या आणि “पाच मिली दे” एवढंच कुणी फोनवर सांगितलं, तर थेंबांच्या बाटलीतून थेट ५०० मिलिग्रॅम पोटात जाईल. डोस वजनावर ठरतो, म्हणून डॉक्टरांकडून मिली आणि बाटलीवरचा आकडा दोन्ही लिहून घ्या, फ्रिजवर चिकटवा, आणि जुनी बाटली टाकून द्या. स्वयंपाकघरातला चमचा माप म्हणून वापरू नका. खोकल्याचं औषध मनाने देऊच नका. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलंय. आणि काजळ डोळ्यांत नको. तीट लावायचीच तर कानामागे लावा, आजीही खूश.

नियम सुनेचे, राबायचं सासूने

खरी कुरबुर इथे असते. दिवसभर मूल सांभाळतात आजी-आजोबा, आणि नियमांची यादी येते नोकरीवरून दमून आलेल्या दोघांकडून, तीही रात्री साडेदहाला, दार बंद करून, चढ्या आवाजात. यादी लांब असली की आजी एकही नियम पाळत नाही, आणि तिच्या जागी कुणीही पाळणार नाही. जिवाशी संबंध असलेले मोजके नियम पक्के ठेवा: अख्खे दाणे नाहीत, औषध मनाने नाही, स्कूटरवर उभं नाही. जेवताना मोबाइल हा चौथा. बाकी सगळं आजीच्या मर्जीने. शिऱ्यात साखर जास्त पडली तर पडू द्या. हे नियम बाळाच्या बापाने आपल्या आई-वडिलांना सांगावेत, सुनेच्या तोंडून वदवून घेऊ नयेत. आणि आठवड्यातून एक दिवस तरी आजी-आजोबांना मोकळं सोडा, मूल आपण सांभाळा. त्या दिवशी त्यांना भाजी निवडायला बसवू नका.

आमच्याकडे संध्याकाळी सहा ते सात ही अण्णांची वेळ. ते तिला घेऊन कॉलनीच्या बागेत जातात, बाकावर त्यांचे दोन मित्र असतात, येताना तिच्या गालाला काहीतरी लागलेलं असतं. त्या तासात काय खाल्लं ते विचारायचं नाही. फक्त शेंगदाणे होते का, एवढंच.