पाऊस नसतानाही तंबू आतून ओला: माझा अनुभव

एका पार्कातून दुसऱ्या पार्कात गाडीने फिरताना रोज सकाळी तेच. छताच्या आतल्या बाजूला थेंब, स्लीपिंग बॅगचं टोक ओलं. शिवणींना सीलर (पाणी अडवणारा लेप) लावला, वरून ताडपत्री टाकली (त्याने उलट वाढलं), खिडक्या गच्च बंद केल्या. वैताग आला.

गळती असती तर पाणी शिवणीपाशी किंवा एका कोपऱ्यात दिसलं असतं. थेंब छतभर सारखे होते, म्हणजे श्वासातली वाफ थंड कापडावर जमत होती.

मग क्रम असा ठेवला. आधी जागा: पाण्याच्या काठाची खोलगट सपाटी सोडून थोडी उंचावर, कारण थंड, दमट हवा खाली साचते. मग बाहेरचं आवरण दोऱ्या ओढून ताठ केलं, आतल्या कापडाला कुठेही टेकणार नाही असं. नंतर वरचे झरोके पूर्ण उघडे आणि वाऱ्याकडची खालची कड वीतभर उचललेली. ओले बूट, रेनकोट गाडीत. स्वयंपाक बाहेरच, आत स्टोव्ह पेटवला तर वाफेपेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा धोका मोठा.

रात्री पाऊस आला तर फक्त उचललेली कड खाली सोडायची, झरोके उघडेच. थंडी जरा जास्त वाजते, पण बॅग कोरडी राहते.