केअरगिव्हर म्हणून परदेशी जायचंय? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

पुण्यात ब्युरोमार्फत घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या सिस्टर, मावशी आणि ब्रदर यांच्यापैकी अनेकांना परदेशी जायचं असतं. बारा तासांची ड्युटी, ब्युरोचं कमिशन, एक दिवस आजारी पडलं तरी खाडा. हेच काम दुसऱ्या देशात ठरलेल्या तासांत आणि चांगल्या पगारात होत असेल तर जरूर जावं. पण मंगळसूत्र गहाण ठेवून एजंटला पैसे दिले जातात, आणि ज्या योजनेसाठी ते दिले ती तेव्हा बंद असते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बंद दारासाठी पैसे भरणं

कॅनडाच्या केअरगिव्हर योजना ठरावीक मुदतीच्या आणि ठरावीक जागांच्या असतात. मालकाच्या घरी राहून काम करण्याची जुनी योजना २०१४ मध्ये नव्या अर्जांसाठी बंद झाली. २०१९ च्या दोन पायलट (प्रायोगिक) योजना १७ जून २०२४ ला संपल्या. ३१ मार्च २०२५ ला नवीन पायलट आल्या: एक मुलं सांभाळणाऱ्यांसाठी, दुसरी वृद्ध आणि आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांसाठी. प्रत्येकी २,७५० अर्जांची मर्यादा होती आणि जागा लगोलग भरल्या. शिवाय त्या फक्त आधीच कॅनडात काम करत असलेल्यांसाठी होत्या. बाहेरच्या देशांतून अर्ज करणाऱ्यांचा गट उघडलाच नाही, आणि २०२६ मध्ये अर्ज पुन्हा घेण्याचा बेतही थांबवला गेला. त्यामुळे ‘पुण्यात बसून थेट पीआर’ (म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना) असं कोणी सांगत असेल, तर कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन वेबसाइटवर ती योजना आज उघडी आहे का, हे आधी स्वतः पाहा.

ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअर वर्कर घेणं बंद केलं आहे. इस्रायलमध्ये घरगुती केअरगिव्हरचं काम मिळू शकतं, पण तिथला परवाना साधारण ६३ महिन्यांचा असतो आणि त्यातून कायमचं वास्तव्य मिळत नाही. चार-पाच वर्षं कमवून परत यायचं असेल तर तो विचार करण्यासारखा आहे. मुलांना तिकडे नेऊन स्थायिक व्हायचं असेल तर तो तुमचा रस्ता नव्हे.

वर्क परमिटलाच पीआर समजणं

वर्क परमिट म्हणजे ठरावीक काळ काम करण्याची परवानगी, आणि बहुतेकदा ती एकाच मालकापुरती असते. पीआरचा अर्ज वेगळा, त्याच्या अटी वेगळ्या. ‘आधी व्हिजिटर व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ हा सल्ला तर आता सरळ धोक्याचा आहे. कॅनडात पाहुणे म्हणून गेलेल्यांना तिथूनच वर्क परमिटसाठी अर्ज करू देणारी सवलत २८ ऑगस्ट २०२४ ला संपली.

परदेशी कामगार ठेवण्यासाठी लागणाऱ्या एलएमआयए मंजुरीचा अर्ज मालक करतो. त्याची फी असेल तर तीही मालकानेच भरायची, कामगाराकडून वसूल करायची नाही. ‘एलएमआयए विकत मिळेल’ असं कोणी म्हणालं की तिथून उठून या.

शॉप अ‍ॅक्टच्या लायसन्सवर विश्वास ठेवणं

ऑफिसात फ्रेम करून लावलेलं शॉप अ‍ॅक्टचं प्रमाणपत्र दुकान चालवण्यापुरतं असतं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशगमन) कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव आणि नोंदणीची मुदत तपासता येते. अशा एजंटने तुमच्याकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. लाखांचा आकडा सांगितला जात असेल, रोख मागितली जात असेल आणि पावतीला टाळाटाळ होत असेल, तर आणखी पुराव्याची वाट पाहू नका.

कॅनडाच्या इमिग्रेशन अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला तिथला परवाना लागतो. सल्लागारांची नावं त्यांच्या ‘कॉलेज’च्या (ही त्यांना परवाना देणारी संस्था) यादीत, वकिलांची तिथल्या लॉ सोसायटीच्या यादीत सापडतात. भारतातली एजंटची नोंदणी आणि कॅनडातला हा परवाना या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणजे दुसरी आहेच असं धरू नका.

अनुभवाचं मोघम पत्र

आपल्याकडच्या बायका सगळ्यात जास्त इथेच अडकतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण काम त्यांनी खरोखर केलेलं असतं. पगार रोख, घरं बदललेली, आणि ब्युरोचं पत्र एका ओळीचं: ‘अमुक यांनी आमच्याकडे काम केले आहे.’ त्याचा उपयोग नाही. पत्रात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, पगार किती आणि नेमकं काय काम केलं हे हवं: अंघोळ घालणं, उठवणं-बसवणं, डायपर बदलणं, औषधं वेळेवर देणं, नळीने भरवणं. पुण्यात पेशंट सांभाळता सांभाळता पोळ्या आणि भांडीही गळ्यात पडतात. कॅनडात मात्र घरकाम करणारी व्यक्ती केअरगिव्हरच्या वर्गात धरली जात नाही. म्हणून रुग्णसेवेची कामं पत्रात स्पष्ट असू द्या, पण न केलेलं एकही काम घालू नका. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं.

आजपासूनच पगार बँकेत घ्या. एखाद्या घरची ड्युटी संपते तेव्हाच आजींच्या मुलाकडून किंवा सुनेकडून सहीचं पत्र आणि फोन नंबर मागून घ्या. दोन वर्षांनी फ्लॅट विकलेला असतो आणि मुलं परदेशात असतात.

नावांचा घोळ

शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र नसेल तर आधी ते काढा. नाव बदललेलं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि मग पासपोर्ट दुरुस्त करा. हा क्रम उलटा केला की प्रत्येक कागद दोनदा करावा लागतो.

पोलिस आयुक्तालयातून स्थानिक नोकरीसाठी मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला इथे चालत नाही. पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवर अर्ज करून मिळणारं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. वैद्यकीय तपासणीही कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते.

परीक्षा घाईने देणं

२०२५ च्या योजनेत बारावीच्या तोडीचं शिक्षण आणि कॅनडाच्या मोजपट्टीवर भाषेची चौथी पातळी मागितली होती. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल प्रकारात त्यासाठी ऐकण्यात ४.५, वाचनात ३.५, लिहिण्यात आणि बोलण्यात प्रत्येकी ४ गुण पुरतात. अकॅडमिक परीक्षा चालत नाही, तरी क्लासवाले तीच भरायला लावतात. निकाल दोनच वर्षं वैध राहतो, म्हणून योजना बंद असताना परीक्षेचे पैसे घालू नका. शिक्षणाचं मूल्यांकन (आपलं शिक्षण कॅनडातल्या कोणत्या पातळीचं आहे, हे सांगणारा अहवाल) पाच वर्षं चालतं. इंग्रजी बोलण्याचा सराव मात्र रोज करा.

तिथे पोचल्यावर

पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देऊ नका, तो ठेवून घेण्याचा हक्क त्याला नाही. एका मालकापुरतं परमिट असताना परस्पर दुसऱ्या घरी काम धरलं तर ते बेकायदा ठरतं. मारहाण, पगार अडवणं किंवा छळ होत असेल तर कॅनडात अशा कामगारांसाठी वेगळ्या खुल्या वर्क परमिटची सोय २०१९ पासून आहे. त्यासाठी पुरावा लागतो. मेसेज, पगाराच्या नोंदी आणि कामाच्या तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि त्यांचे फोटो पुण्यातल्या घरच्यांकडेही पाठवत राहा.